परतीचं भाडं : तैग्रिसवरच्या ‘मेजिदिया’ बोटीचं प्रकरण

माल उतरवून झाल्यावर येताना काय, असं ट्रकवाल्याला विचारलं तर तो सांगतो, परतीचं भाडं मिळालं तर बरं, नाहीतर गाडी रिकामी. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या हिवाळ्यात, मेसोपोटेमियातल्या म्हणजे आजच्या इराकमधल्या तैग्रिस नदीवर ब्रिटिश-हिंदी फौजेच्या बोटी याच हिशेबाने चालत होत्या. बसरा बंदराहून नदीने वर जाताना शिपाई, दारूगोळा, धान्य, घोडे, खेचरं. वरून बसऱ्याला परतताना जखमी. जखमींसाठी वेगळी राखलेली नदीतली बोट नव्हती. ज्या डेकवर जाताना जनावरं उभी होती, त्याच डेकवर येताना माणसं आडवी झाली, आणि मधे तो डेक धुवायलाही कुणाला सवड झाली नाही.

‘मेजिदिया’ ही अशाच बोटींपैकी एक. युद्धापूर्वी लिंच बंधूंच्या कंपनीकडे असलेली, बसरा ते बगदाद फेऱ्या करणारी चाकांची आगबोट. वैद्यकीय पथक आणि रुग्ण वाहून नेणाऱ्या जहाजावर माणसं कशी राहतात, हा विषय निघाला की मला पहिल्यांदा तीच आठवते. जहाजांच्या इतिहासात बुडालेली जहाजं पुष्कळ सापडतात. ही बुडाली नाही, पेटली नाही, ठरल्याप्रमाणे बंदराला लागली. तरीही तिच्यावर जे घडलं, त्याची चौकशी लंडनपर्यंत गेली.

बसऱ्याच्या धक्क्यावर

डिसेंबर १९१५. बसऱ्याला शत्त-अल-अरबच्या पात्रात ‘वरेला’ हे समुद्री इस्पितळ-जहाज नांगर टाकून होतं. त्यावरच्या पथकाचे प्रमुख इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर रॉबर्ट मार्कहम कार्टर. संध्याकाळची वेळ होती. ते जहाजाच्या ब्रिजवर उभे असताना ‘मेजिदिया’ येताना दिसली. तिच्यासोबत दोन लोखंडी बार्ज, म्हणजे मालवाहू पडाव, होते, पावसापासून कसलाही आडोसा नसलेले. बोट आणि दोन्ही बार्ज माणसांनी खच्चून भरलेले.

बोट तीन-चारशे यार्डांवर आली तेव्हा कार्टरना वाटलं की तिच्या कडेने दोरखंड लोंबत आहेत. ती आणखी जवळ आली तशी दुर्गंधी आली, आणि ते दोरखंड नाहीत हे कळलं. बोटीच्या कडांवरून खाली ओघळून वाळलेली ती माणसांची विष्ठा होती. बोटीच्या अगदी कडेला काही माणसं उभी होती, काही गुडघ्यांवर होती. आत माणसांचा ढीग. कुणाच्या अंगावर घोंगडी, कुणाच्या नाही. सुमारे तीस फूट लांब-रुंद जागेत हगवणीचं तळं साचलेलं, आणि माणसं त्यात डोक्यापासून पायापर्यंत माखून पडलेली.

कार्टरनी तपासलेल्या पहिल्या माणसाची पाटलोण कमरेपर्यंत कशानेतरी भरलेली होती. हाताला गरम, बुळबुळीत लागलं. त्यांना वाटलं रक्तस्राव झाला आहे. हात बाहेर काढला तर ती हगवण होती. त्या माणसाची मांडी मोडलेली होती आणि तिला पाच-सहा ठिकाणी भोकं पडलेली होती. वेदनेने तो डेकवर लोळत आला असावा. इतर कितीतरी जणांच्या अंगावर पडून पडून जखमा झाल्या होत्या. मोडलेल्या हातापायांना आधार म्हणून व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या आणि चाऱ्याच्या गठ्ठ्यांची तार बांधलेली होती.

हे सगळं कार्टरनी पुढे चौकशी आयोगापुढे सांगितलं. ते डॉक्टर होते, युद्धातल्या जखमा त्यांना नव्या नव्हत्या. त्यांच्या साक्षीत मला सर्वांत जास्त काय जाणवतं, तर त्यांनी शब्द मवाळ केले नाहीत. ‘स्वच्छतेची परिस्थिती असमाधानकारक होती’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी हात कुठे घातला आणि बाहेर काय आलं ते सांगितलं.

ही माणसं इथवर आली कशी

२२ नोव्हेंबर १९१५ ला जनरल टाउनशेंडच्या ६ व्या पुणे डिव्हिजनने बगदादच्या अलीकडे तेसिफोनला तुर्कांवर हल्ला केला. या डिव्हिजनचं नाव नुसतं नावापुरतं पुण्याचं नव्हतं. तिच्या तीन ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती: ११७ वी, १०३ वी आणि ११० वी. याच पलटणी पुढे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची मुलं त्या वाळूत लढली. लढाईत मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांत जखमीच साडेतीन हजारांहून जास्त.

आता हिशेब पाहा. जखमींची सोय बगदादमध्ये होईल, या गृहीतकावर वैद्यकीय आखणी उभी होती. शहर मिळेल, इमारती मिळतील, तिथे इस्पितळं उघडू. शहर मिळालं नाही. फौज मागे फिरली, आणि साडेतीन हजार जखमींसाठी एकच वाट उरली, वळणं घेत चारशे मैलांहून अधिक लांब जाणारी नदी. हिवाळ्याच्या तोंडावर तैग्रिसला पाणी कमी असतं, बोटी गाळात रुतून बसतात. शिवाय काठावरून गोळीबार होत होता.

नदीपर्यंत पोचणंही सोपं नव्हतं. रणांगणापासून लज्ज इथल्या धक्क्यापर्यंत जखमींना खेचरांच्या दुचाकी मालगाड्यांतून आणलं. त्या गाड्यांना स्प्रिंग नव्हत्या. हिंदुस्थानच्या फौजेकडे चाकांच्या रुग्णवाहिका नव्हत्याच. डोल्या आणि या गाड्या, एवढंच साधन. युद्धापूर्वीची कित्येक वर्षं लष्करी खर्चात काटकसर चालली होती, आणि काटकसरीचा पहिला घाव नेहमी अशा गोष्टींवर पडतो ज्यांची गरज परेडच्या दिवशी दिसत नाही. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाडीत उबडखाबड जमिनीवरून काही मैल आणला की हाडाची टोकं आतल्या आत मांस फाडतात. बोटीवर चढण्याआधीच त्याची अर्धी अधिक हानी झालेली असे. आणि मग जवळजवळ दोन आठवडे डेकवर.

बोटीवर नेमकं काय कमी पडलं

औषधं कमी होती, डॉक्टर आणि परिचारक फार थोडे होते, हे खरंच. पण या प्रकरणाचा गाभा औषधांत आहे असं मला वाटत नाही.

शौचाची सोय घ्या. काही शेकडा माणसं, त्यांतली अर्धी हलू न शकणारी, कित्येकांना हगवण. कुणी बेडपॅन द्यायला नाही, द्यायला बेडपॅनही नाही. ज्याला सरपटता येत होतं तो कडेपर्यंत सरपटत गेला. बोटीच्या बाहेरच्या अंगावर वाळलेले ते ओघळ याच माणसांचे. कार्टरच्या साक्षीतला हा तपशील लोक किळसवाणा म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. गर्दी इतकी होती की कडेच्या पलीकडे नीट बसता येईना, तरी त्या लोकांनी शेजारच्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून तिथवर जायची धडपड केली. आपल्याकडे परसाकडे जाणं ही आडोशाची गोष्ट. गावाकडून आलेल्या शिपायाला उघड्यावर, अनोळखी माणसांच्या गर्दीत, कपडे भरलेल्या अवस्थेत रात्रंदिवस पडून राहावं लागणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्या वाचकाला मी करून द्यायला नको.

ज्यांना सरपटता येत नव्हतं, ते तिथेच राहिले. हगवणीचा संसर्ग घाणीतून, हातातून, पाण्यातून जातो. गोळी लागून चढलेला माणूस उतरताना हगवणीचाही रोगी झाला, तर तो रोग त्याला बोटीने दिला असंच म्हणावं लागेल. उघडी जखम घाणीत बुडालेली राहिली की ती सडते. जखमांत गॅंगरीन होणं हे त्या काळी प्रतिजैविकं नसल्यामुळे सर्वत्र होतंच, पण धुतलेली, कोरडी जखम आणि या तळ्यातली जखम यांची तुलना होऊ शकत नाही.

छप्पर घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या रात्री हाडं गोठवतात, आणि त्या दिवसांत पाऊसही येतो. बार्जवर ताडपत्रीसुद्धा नव्हती. बांबू आणि ताडपत्री हे काही लंडनहून मागवायचं सामान नव्हे. बसऱ्याला खजुरीच्या झावळ्या हव्या तेवढ्या मिळतात. तो आडोसा कुणाच्या कामाच्या यादीत नव्हता, म्हणून तो झाला नाही.

डेकवरच्या जागेचाही प्रश्न होता. जखमींच्या मधून चालायला वाट असली पाहिजे, हे परिचारिकांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. वाट नसेल तर पाणी देता येत नाही, कूस बदलता येत नाही, मेलेला माणूस जिवंतांमधून उचलता येत नाही. अशा बोटीवर पथकात दोन डॉक्टर जास्त असते तरी ते एका कोपऱ्यात अडकून पडले असते. पथक किती मोठं, यापेक्षा ते माणसापर्यंत पोचू शकतं का, हा प्रश्न आधीचा.

आज समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ चा सागरी कामगार करार आहे. भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात, ज्यांच्या खोलीला स्वतःचं न्हाणीघर नाही अशा दर सहा माणसांमागे निदान एक शौचालय, एक वॉश-बेसिन आणि एक न्हाणीची सोय हवी असा नियम आहे. शंभर किंवा अधिक माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर हवा, असाही आहे. रत्नागिरी, मालवण, गोव्याची जी मुलं आज जहाजांवर आहेत, त्यांना हे नियम कागदी वाटतात आणि कधीकधी ते कागदावरच राहतातही. पण सहामागे एक हा आकडा हातात धरून ‘मेजिदिया’च्या डेककडे पाहावं. धडधाकट खलाशासाठी आज जी किमान सोय मानली जाते, तिच्या जवळपासही काही त्या जखमींना मिळालं नव्हतं.

तार आणि धाक

बसऱ्याला हे दृश्य दिसत असताना अधिकृत तारेतून वर काय गेलं? जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली, त्यांची सर्वसाधारण स्थिती अतिशय समाधानकारक आहे, पुष्कळजण बरे होतील, आणि अडचणी असूनही वैद्यकीय व्यवस्थेने उत्तम काम केलं, अशा आशयाची तार गेली. ही तार या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि मला तो पहिल्याहून गंभीर वाटतो. घाण धुता येते. खोट्या तारेमुळे पुढची बोट धुतली जात नाही.

कार्टर गप्प बसले नाहीत. त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली, अहवाल लिहिला, त्यात काही झाकलं नाही. उत्तर म्हणून त्यांना अटकेची धमकी मिळाली, आणि इस्पितळ-जहाज काढून घेण्याचीही. त्यांना लुडबुड्या, नसता छंद लागलेला माणूस ठरवण्यात आलं. ही धमकी देणारे मेजर-जनरल कूपर हे फौजेच्या पुरवठ्याचे आणि वाहतुकीचे प्रमुख अधिकारी होते.

इथे थांबून दुसरी बाजू पाहायला हवी, कारण चौकशीत तीही बाहेर आली. याच कूपरनी हिंदुस्थानकडे जास्त बोटींची मागणी लावून धरली होती. त्यावर हिंदुस्थानचे सरसेनापती सर बीचम डफ यांनी कळवलं की अशा कुरकुरीच्या मागण्या पुन्हा आल्या तर कूपरना फौजेतून काढण्यात येईल आणि दुसरीकडे कुठेही काम दिलं जाणार नाही. म्हणजे वरून धाक, खाली धाक. उतरंडीतलं वरचं मडकं खालच्यावर बसलेलं असतं तसा. सिमल्याला बोटींची मागणी ऐकायची नव्हती, बसऱ्याला घाणीची तक्रार ऐकायची नव्हती. मेसोपोटेमियातले मुख्य वैद्यकीय अधिकारी सर्जन-जनरल हॅथवे यांनी नदीवरच्या इस्पितळी बोटींची गरज पुरेशा जोराने मांडली नाही, हा ठपका पुढे आयोगाने ठेवला. तो मला रास्त वाटतो. पण ज्या फौजेत मागणी करणाऱ्याची नोकरी जाते, तिथे जोराने मांडणारी माणसं हळूहळू कमीच होत जातात. कार्टर अपवाद होते, आणि अपवादावर विसंबून कुठलीही व्यवस्था चालवता येत नाही.

बोटी खरोखरच कमी होत्या का? होत्या. मेसोपोटेमियातल्या फौजेचे प्रमुख जनरल निक्सन यांनी उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटींची मागणी १९१५ च्या मध्यावर केली होती. अशा बोटी इंग्लंडला बांधून, सुट्या करून, पुन्हा जोडायच्या म्हणजे महिने लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या यायच्या आधीच बगदादकडे कूच करण्याचा निर्णय झाला. बोटी नसताना कूच करायचं ठरवणं हा निर्णय वैद्यकीय खात्याचा नव्हता. किती माणसं पुढे न्यायची हे ठरवताना किती जखमी मागे आणता येतील हा आकडा कुणी शेजारी मांडला असता, तर ते कागदावरच अडलं असतं.

चौकशा

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१६ मध्ये, माघारीनंतर तैग्रिसकाठच्या कूत गावी वेढ्यात अडकलेल्या टाउनशेंडला सोडवायला निघालेल्या फौजेचं शेख साद आणि हन्ना इथे तेच झालं. पुन्हा हजारो जखमी, पुन्हा त्याच गाड्या, तेच डेक. डिसेंबरात दिसलेलं दुरुस्त करायला सवड कमी होती हे मान्य, पण ‘समाधानकारक’ म्हणून कळवलेल्या गोष्टीची दुरुस्ती करायला कुणी उठत नाही हेही तितकंच खरं.

हिंदुस्थान सरकारने १९१६ च्या वसंतात सर विल्यम व्हिन्सेंट आणि जनरल बिंगली यांची चौकशी नेमली. दरम्यान फेब्रुवारी १९१६ मध्ये मोहिमेची सूत्रं हिंदुस्थानकडून काढून लंडनच्या युद्धखात्याकडे देण्यात आली. ऑगस्ट १९१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली मेसोपोटेमिया आयोग नेमला. त्याचा अहवाल १९१७ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला आणि कार्टरची साक्ष लंडनच्या न्याहारीच्या टेबलावर पोचली. निक्सन, डफ, व्हाइसरॉय हार्डिंग, सर्जन-जनरल हॅथवे अशा अनेकांवर दोष ठेवला गेला. खटला मात्र कुणावर चालला नाही. राजीनामा दिला तो भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननी, ज्यांनी डिसेंबर १९१५ पासून जखमींच्या हालांबद्दल हिंदुस्थानला वारंवार विचारणा केली होती. ब्रिटिश पार्लमेंटमधल्या चर्चेत हिंदुस्थानचं सरकार फार लाकडी, फार लोखंडी, फार ताठर आणि प्रलयपूर्व काळातलं आहे असं म्हणणारे एडविन माँटेग्यू त्यांच्या जागी आले. २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्यांचीच. आपल्या शाळेच्या पुस्तकात ती घोषणा असते. तिच्या महिनाभर आधीच्या चर्चेमागे एका बोटीचं प्रकरण होतं, हे तिथे लिहिलेलं नसतं.

नदीवरची स्थिती १९१६ च्या उत्तरार्धात खरोखर सुधारली. जखमींसाठी राखीव बोटी आल्या, मोटर-लाँच आल्या, बसऱ्याला धक्के आणि इस्पितळं वाढली. मार्च १९१७ मध्ये जनरल मॉडच्या फौजेने बगदाद घेतलं तेव्हा जखमींना आणण्याची सोय दीड वर्षापूर्वीपेक्षा कितीतरी चांगली होती. नदी तीच होती, उथळपणाही तोच. म्हणजे जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते करता येण्यासारखं होतं.

आमच्याकडे सातारा-रत्नागिरीच्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतकी कामी आली, एवढंच त्यावर कोरलेलं असतं. बसऱ्याला गेलेला पणजोबा अजूनही काही घरांत सांगितला जातो. तो गोळीने गेला की परतीच्या बोटीवर गेला, हे पाटीवर नसतं आणि घरातही कुणाला ठाऊक नसतं.

त्या फौजेत गोऱ्या शिपायांची इस्पितळं वेगळी होती, हिंदी शिपायांची वेगळी. स्वयंपाक वेगळा, पगार वेगळा, नदीकाठच्या तंबूंच्या रांगाही वेगळ्या. ‘मेजिदिया’वरची ती माणसं ब्रिटिश होती की हिंदी, असं आयोगाने कार्टरना विचारलं. ब्रिटिश आणि हिंदी, सरमिसळ, असं त्यांनी उत्तर दिलं.